थोरली पाती, धाकटी पाती

देवासात दोन वस्तूंना थोरली पाती आणि धाकटी पाती म्हटलं की कुणालाही अर्थ सांगावा लागत नाही. पवारांच्या दोन गाद्या, दोन दरबार आणि गाव मात्र एकच, असं 1948 पर्यंत इथे चाललं. आमच्या घरातल्या दोन पात्या म्हणजे दोन बेंटली. दोन्ही एकाच साच्यातून निघालेल्या. एअरफिक्सने 1971 साली बाजारात आणलेलं 1930 च्या साडेचार लिटर सुपरचार्ज्ड बेंटलीचं हे किट, बाराव्या हिश्शाचं. जुळवून झालं की दीड वीतभर लांबीची गाडी. थोरली मी 2011 च्या पावसाळ्यात पुरी केली. धाकटी 2018 ला हातात घेतली, ती 2023 च्या दसऱ्याला संपली.

मूळ गाडी ‘ब्लोअर’ म्हणून ओळखली जाते. रेडिएटरच्याही पुढे, दोन दिव्यांच्या मधे, उघडावाघडा बसवलेला सुपरचार्जर हे तिचं नाक. सुपरचार्जरने इंजिनाची प्रकृती बिघडते असं खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटलींचं मत होतं. सर हेन्री बर्किन, ज्यांना सगळे टिम म्हणत, त्यांनी ते ऐकलं नाही. डोरोथी पॅजेट या श्रीमंत बाईंच्या पैशावर त्यांनी या गाड्या उभ्या केल्या, आणि जून 1930 मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत कॅराचिओलाच्या मर्सिडीजचा पाठलाग केला. ओलांडताना दोन चाकं रस्त्याबाहेर गवतात गेली, मागच्या टायरचा पट्टा उडाला, तरी बर्किन पुढे निघाले. शर्यत ब्लोअरने पुरी केली नाही. जिंकली ती बेंटलीचीच, पण बिनसुपरचार्जरची स्पीड सिक्स. म्हणजे डब्ल्यू. ओ. बरोबर ठरले, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते बर्किन.

मी पिथमपूरला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये तपासणीला होतो. कारखान्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. दिवसभर उजेडाखाली पत्रा बघायचा आणि धुळीचा कण, ओघळ, खड्डा, संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा दिसला की खडूने गोल करायचा. एका कणापायी अख्खं दार परत जाई. रात्री देवासला घरी आलो की त्याच हातांनी गाडीवर धूळ चढवायची. बायको म्हणायची, तुमच्या साहेबांना एकदा हे दाखवा.

थोरलीच्या वेळी सामान असं नव्हतंच. किट मावसभावाने लंडनहून बॅगेत घालून आणलं, त्यात एक मडगार्ड चेपलं. नोटा छापणाऱ्या प्रेसबरोबर स्वतःचा शाईचा कारखाना असलेलं हे गाव, पण मॉडेलला लावायचा रंग इथल्या एकाही दुकानात मिळत नव्हता. मी टू-व्हीलरच्या टच-अपचे स्प्रे वापरले, हिरवा हवा तसा आला नाही म्हणून त्यात काळा मिसळला. मग ‘जुनी’ करायची म्हणून गेरू घेतला आणि दिसेल त्या कडेवर गंज चढवला. वर घराबाहेरची काळी माती वाळवून, चहाच्या गाळणीने गाळून, वॉर्निशवर भुरभुरली. फार खूश होतो.

बाबा रोडवेजच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी चष्मा पुसला, गाडी चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि म्हणाले, “ही धावलेली वाटत नाही रे, पुरलेली वाटते.”

राग आला होता. पण आज मागे वळून पाहिलं की पुढच्या बारा वर्षांचं काम त्या एका वाक्यातच होतं. मी गाडीला म्हातारी केली होती. ती कुठे गेली होती हे ठरवलंच नव्हतं. धुळीलाही पत्ता असतो, आणि माझ्या गाडीवरचा पत्ता माळव्याचा होता.

चुका मग एकेक उलगडल्या. या बेंटलीचं अंग बहुतेक लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं रेक्झिनसारखं कापड. कापडाला गंज लागत नाही. त्याचे टवकेही उडत नाहीत. ते कडांना घासतं, काळवंडतं, घडीवर भेगाळतं. रंग उडून धातू दिसायचा तर बॉनेटवर, तेही पट्ट्याखाली आणि झडपांच्या कडेला, जिथे मेकॅनिकचा हात रोज लागतो. आणि शर्यतीची गाडी गंजेपर्यंत कोण ठेवतो? कालच धुतलेली, रात्रभर पळवलेली, एवढंच तिचं वय. मातीचा कण दशांश मिलिमीटरचा असला तरी बाराव्या हिश्शाच्या गाडीवर तो मिलिमीटरभराहून मोठा खडा दिसतो, हे गणित तर मी शाळेतल्या पोरालाही सांगू शकलो असतो, पण स्वतःला सांगितलं नव्हतं.

दुसरा धडा धारचा. धार माझं आजोळ. लाट मशिदीसमोर लोखंडी लाटेचे, म्हणजे स्तंभाचे, तीन तुकडे चौथऱ्यावर आडवे ठेवले आहेत, लहानपणी आम्ही त्यांच्याभोवती पळायचो. मशीद 1405 ची, लाट तिच्याहून बरीच जुनी. तिन्ही तुकडे मिळून तेरा मीटर लांब, वजन सात टनांच्या वर. एकावर 1598 साली अकबर इथून गेल्याची फारसी नोंद कोरलेली आहे. धाकटी सुरू करण्याआधी मी तिथे दोन दुपारी नुसता बसून होतो. इतकी शतकं ऊनपाऊस खाल्लेलं लोखंड, आणि त्याच्यावर गेरूसारखा नारिंगी रंग शोधावा लागतो. लोखंडातल्या फॉस्फरसमुळे वर एक पातळ थर धरला आहे, तोच आतल्या धातूला राखतो. जांभळट तपकिरी, कुठे जवळजवळ काळा, हाताळलेल्या जागी गुळगुळीत. घरी येऊन गेरूचा डबा मी बायकोला रांगोळीला देऊन टाकला. धाकटीच्या एक्झॉस्टचा रंग त्या लाटेवरून घेतला आहे: आधी काळा, वर जांभळट तपकिरीचा पातळ हात, इंजिनाशी जिथे ताप जास्त तिथे किंचित निळा.

बॉनेटवरचे चामडी पट्टे हा एक वेगळाच अध्याय. देवासात चामड्याचं मोठं काम चालतं, त्यामुळे कातरण मिळणं सोपं. पण एक मिलिमीटर जाड चामडं या मापात बारा मिलिमीटर दिसतं, म्हणजे पट्टा नव्हे, गादी. स्टँडजवळच्या मोच्याने रापीने तासून तासून ते कागदासारखं करून दिलं. आठ तुकडे फाटले, नववा टिकला. पैसे घेईना, गाडी दाखवायला आण म्हणाला. बकलाभोवती चामडं काळं पडतं तसा डाग हवा होता. तो रंगाने नाही काढला. धार जिल्ह्यातल्या बागचे छापकाम करणारे हिराकशीतून काळा आणि तुरटीतून लाल काढतात. लोखंड आणि कसाची गाठ पडली की काळं होतं. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात कस असतोच. काडीच्या टोकाने हिराकशीच्या पाण्याचा थेंब बकलाशी टेकवला, आणि पाच मिनिटांत तिथे नव्वद वर्षांची जुनी वाटावी अशी काळी सावली उतरली.

डागांचे धडे मात्र बाबांचे. मी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी तैलरंगाचे ओघळ सगळीकडून खाली सोडत होतो. बाबांनी थांबवलं. डिझेल गाडी उभी असताना भरतात, म्हणून टाकीच्या तोंडाशी सांडलेलं सरळ खाली जातं. इंजिनातलं ऑइल गाडी पळताना गळतं, म्हणून त्याची रेघ मागे जाते, खाली नाही. “आणि बसची पाठ बघ. तोंड कुणीही पुसतं, पाठ कुणी पुसत नाही.” हे कुठल्याही मॉडेलच्या पुस्तकात मला असं सरळ सापडलं नव्हतं.

मग धाकटीला आम्ही एक वेळ नेमून दिली: बर्किन पट्टा उडालेला टायर बदलून पुन्हा निघाले तो क्षण. त्यामुळे मागचं एक चाक बाकी तिन्हींहून स्वच्छ आहे. एका बाजूच्या दोन चाकांवर आणि मडगार्डच्या आतून हिरवट चिखल, दुसऱ्या बाजूला फक्त फिकी धूळ, शिंप्याचा खडू उगाळून मलमलीतून गाळलेली. बघणारे म्हणतात, हे चाक रंगवायचं राहिलं का? समजावून सांगायला मला आवडतं.

मधे 2020 चं वर्ष गेलं, कारखाना बंद होता तेव्हा तारेची चाकं झाली. त्याविषयी सांगण्यासारखं एवढंच की डोळे गेले. 2021 च्या जूनमध्ये पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक सुरू झाला. बर्किन पळाले तो ल मान्सचा फेरा 16 किलोमीटरच्या वर होता, आणि तो गावातून जाणारा साधा रस्ता. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, नव्या ट्रॅकवर धूळ असते का? मी म्हटलं, मला आत कोण सोडतंय.

धाकटी आता काचेच्या पेटीत आहे. थोरली कपाटावर वर्तमानपत्रावर ठेवली होती, ती गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढली. बारा वर्षांची खरी धूळ तिच्यावर बसली होती. बॉनेटच्या माथ्यावर दाट, बाजूंवर जवळजवळ नाही, स्टिअरिंगच्या वरच्या अर्ध्या कड्यावर आहे आणि खालच्या अर्ध्यावर नाही, सीटच्या शिवणीत रेघ धरलेली. माझा गेरू तिच्याखाली झाकला गेला होता. मी फडकं घेतलं. खाटेवरून बाबा म्हणाले, “हिला हात लावू नकोस.”