विद्युत बास गिटार : जुनी व आधुनिक रचना

प्रस्तावना :
हिंदी चित्रपटसंगीतात खर्जाचा भार वाहणारी बास गिटार श्रोत्यांच्या सहसा लक्षात येत नाही. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात ती टोनी वाझ वाजवीत. या वाद्याचे ‘जुने’ व ‘आधुनिक’ असे वर्गीकरण बहुधा वयावरून केले जाते. वस्तुतः हा भेद रचनेचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जुनी रचना :
अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. ३४ इंच कंपनलांबीच्या चार तारा आणि अचूक स्वरस्थानांसाठी पडदे ही तिची वैशिष्ट्ये होत. पोलादी तार कंप पावली की चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. या योजनेस ‘पिकअप’ म्हणतात. एकाच वेटोळ्याचा पिकअप मात्र जवळच्या मोटारी व रोहित्रे यांची गुणगुणही टिपतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, तर बासची ‘ए’ तार ५५ हर्ट्झची. म्हणजे हा उपद्रव वाद्याच्या स्वरक्षेत्रातच होतो. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. १९५७ मध्ये फेंडर यांनी दोन भागांचा पिकअप योजला. दोन्ही भागांची गुंडाळी व ध्रुवता परस्परविरुद्ध असल्याने बाहेरची गुणगुण नाहीशी होते, स्वर मात्र टिकतो.

आधुनिक रचना :
जुन्या वाद्यातील क्षीण संकेत लांब केबलमधून जाताना त्यातील तार स्वरांश घटतात. १९७६ च्या ‘म्युझिक मॅन स्टिंगरे’ या बासमध्ये बॅटरीवर चालणारा पूर्वप्रवर्धक वाद्यातच बसविला गेला. त्यामुळे संकेत सबळ झाला व वादकास खर्ज-तार स्वरांश वाढविता येऊ लागले. मात्र बॅटरी संपली की बहुतेक अशी वाद्ये मूक होतात. पुढे ३१ हर्ट्झची पाचवी तारही प्रचारात आली. लांबी व ताण कायम ठेवल्यास या तारेचे वजन ४१ हर्ट्झच्या ‘ई’ तारेच्या सुमारे पावणेदोन पट असावे लागते. म्हणून काही निर्माते कंपनलांबी ३५ इंच ठेवतात.

निष्कर्ष :
जुनी रचना साधी व दुरुस्तीस सोपी, तर आधुनिक रचना अधिक नियंत्रणक्षम पण बॅटरीवर अवलंबून असते. महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांनी वाद्यखरेदी करताना वाद्याचे वय वा प्रतिष्ठा न पाहता सभागृहातील विद्युतव्यवस्था, केबलची लांबी व देखभालीची सोय यांचा विचार करणे हिताचे ठरेल.