बुबुळाच्या काठावर

बोईसर स्टेशनवरून पश्चिमेला गेले की तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. रंग, रंगांसाठी लागणारी रसायने, औषधांचा कच्चा माल, पोलाद, कापड असे बरेच काही इथे तयार होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात 93.69 गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्टा म्हणून तारापूरची नोंद झाली. त्या गुणांत हवा, पाणी आणि जमीन मोजली जाते. रसायनांच्या रिअ‍ॅक्टरपाशी उभ्या असलेल्या कंत्राटी हेल्परचे डोळे त्यात येत नाहीत, आणि हा लेख त्या डोळ्यांविषयी आहे.

रासायनिक कारखान्यांत सर्रास लागणारा पदार्थ म्हणजे कॉस्टिक सोडा. आम्लाला सगळेच भितात, पण डोळ्याच्या बाबतीत कॉस्टिक अधिक घातक. बहुतेक आम्ले पृष्ठभागावरची प्रथिने गोठवतात आणि तो गोठलेला थर त्यांचीच पुढची वाट काही प्रमाणात अडवतो. कॉस्टिकला असा अडसर होत नाही. पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करत ते खोल उतरते आणि काही मिनिटांत बुबुळामागच्या द्रवापर्यंत पोहोचते. चुन्याची जातही हीच. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांचे डोळे भाजल्याच्या नोंदी भारतातल्या नेत्ररुग्णालयांत आहेत, त्यामुळे हा धोका कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही.

यावर पहिला उपचार पाणी. पापण्या उघड्या धरून, जागच्या जागी, वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवायचा. पापणीखाली चुन्याचा कण अडकला असेल तर तो निघेपर्यंत भाजणे चालूच राहते. सुपरवायझरला कळवणे, गाडी मागवणे, मुंबईचे हॉस्पिटल ठरवणे हे सगळे धुणे सुरू झाल्यावर. नंतर कितीही निष्णात सर्जन भेटला, तरी त्या अर्ध्या तासात गेलेले परत आणणे फार अवघड असते. म्हणून आयवॉशचा नळ कामाच्या जागेपासून काही पावलांवर हवा, त्याला पाणी हवे आणि त्याच्यासमोर पिंपांची थप्पी नको.

कॉस्टिक एवढे नुकसान का करते, हे बुबुळाच्या काठावर कळते. काळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात, तिथे जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंदीची कड असते. तिला लिंबस म्हणतात. पुढच्या पारदर्शक कॉर्नियाचा वरचा थर सतत झिजतो आणि या कडेतल्या मूळ पेशी तो सतत भरून काढतात. कड जळाली की ही भरपाई थांबते. मग पांढऱ्या भागावरची त्वचा रक्तवाहिन्यांसकट कॉर्नियावर चढते. डोळ्यात फूल पडले, असे लोक म्हणतात.

अशा डोळ्यात नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवला तरी तो टिकत नाही, कारण त्याच्या पृष्ठभागाला पेशी पुरवणारी कडच उरलेली नसते. 1989 मध्ये केनियन आणि त्सेंग यांनी चांगल्या डोळ्याच्या कडेचे मोठे तुकडे जळालेल्या डोळ्यावर लावले. त्यात चांगल्या डोळ्यालाही धोका होता. 1997 मध्ये इटलीत ग्रात्सिएला पेलेग्रिनी यांच्या गटाने अगदी छोटा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या. पण त्यासाठी लागणारी निर्जंतुक प्रयोगशाळा फार खर्चिक.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी ती प्रयोगशाळाच वगळली. त्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चांगल्या डोळ्याच्या कडेचा सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात, त्याचे आठ-दहा कण करतात आणि जळालेल्या डोळ्यावर अंथरलेल्या, गर्भाभोवतीच्या पातळ आवरणावर ते जैविक डिंकाने चिकटवतात. हे आवरण बाळंतपणानंतर दान मिळालेल्या वारेतून येते. पेशी मग रुग्णाच्या डोळ्यातच वाढतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 125 रुग्णांच्या अभ्यासात 76 टक्के डोळ्यांत हा उपचार यशस्वी ठरला. त्यांत मोठी माणसे होती, तशी मुलेही.

बातम्यांत झळकतात त्या मात्र डोळ्याच्या पडद्यावरच्या चिप. 60 इलेक्ट्रोडच्या ‘आर्गस 2’ला अमेरिकेत 2013 मध्ये परवानगी मिळाली. 2019 मध्ये कंपनीने ती बनवणे थांबवले आणि ज्यांच्या डोळ्यात ती बसली होती, ते दुरुस्तीविना अडकले. 2025 मध्ये ‘प्रिमा’ या दोन मिलिमीटरच्या चिपचे निष्कर्ष आले. वार्धक्याने पडद्याचा मध्यभाग झिजलेल्या 38 जणांना ती बसवली होती आणि वर्षभरानंतर तपासलेल्या 32 पैकी 26 जणांना ठळक फायदा झाला. हे मोठे काम आहे. पण कॉस्टिकने भाजलेल्या डोळ्यात पडदा पुष्कळदा शाबूत असतो. खिडकीची काच काळवंडली म्हणून आतला पडदा बदलून काय होणार? तारापूरच्या कामगारासाठी मला हैदराबादचे काम अधिक मोलाचे वाटते.

हैदराबादच्या पद्धतीला एक मर्यादा आहे. एक डोळा चांगला उरला, तरच त्यातून स्वतःच्या पेशी मिळतात. एकदा भाजलेल्या माणसाला पुन्हा त्याच जागी उभे करताना गॉगल दुप्पट महत्त्वाचा, तो यामुळे. दोन्ही डोळे गेले तर जपानमधल्या ओसाका विद्यापीठात कोहजी निशिदा यांच्या गटाने दोन मार्ग दाखवले आहेत. 2004 मध्ये त्यांनी रुग्णाच्याच तोंडातल्या आतल्या त्वचेच्या पेशी वाढवून डोळ्यावर लावल्या. 2024 मध्ये रक्तपेशींना मूळ पेशींच्या अवस्थेत नेऊन त्यांपासून तयार केलेल्या कॉर्नियाच्या थराचे चार रुग्णांवरचे निष्कर्ष त्यांनी मांडले. तिघांची सुधारलेली दृष्टी टिकली, चौथ्याची पुन्हा खालावली.