कुरवाचं माहेर

काल गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमध्ये बसलो, तेव्हा तुम्ही दोघं सगळा वेळ कठड्याला धरून उभे होतात. उजवीकडे मुंबईच्या इमारती मागे पडत गेल्या, समोर कनकेश्वराचा डोंगर मोठा होत गेला. तुमचं लक्ष मात्र लाँचमागून येणाऱ्या पांढऱ्या पाखरांवर. तेव्हा धाकटीनं विचारलं, "आजोबा, ही पाखरं समुद्रावरच जन्मतात का?" त्याचं उत्तर मोठं आहे, म्हणून घरी आल्यावर सांगेन म्हणालो होतो. आता ऐका.

त्या पाखराला म्हणतात कुरव. आपल्या किनाऱ्यावर त्याच्या बऱ्याच जाती येतात. काल आपल्या अगदी डोक्यावरून गेला, तो तपकिरी डोक्याचा कुरव. तुम्ही म्हणाल, त्याचं डोकं तर पांढरं होतं! बरोबर. थंडीत ते पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका उरतो. उन्हाळा जवळ आला की नवी पिसं येतात आणि सगळं डोकं तपकिरी होतं. ही त्याची लग्नसराईची तयारी. ती झाली की मार्च-एप्रिलात तो आपला किनारा सोडतो.

आणि जातो कुठे, तर हिमालयापलीकडे! लडाखात त्सो मोरीरी नावाचं एक सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ४,५०० मीटर उंचावर. आपला सिंहगड १,३०० मीटरच्या आसपास. म्हणजे तीन सिंहगड एकावर एक ठेवले तरी त्या पाण्याला हात लागायचा नाही. तिथे, त्सो कारला आणि तिबेटातल्या तळ्यांवर हे कुरव जमिनीवरच, दलदलीत नाहीतर छोट्या बेटांवर घरटी करतात. दोन-तीन अंडी घालतात. हिवाळ्यात ती तळी गोठतात. पाणीच गोठलं तर खायचं काय? म्हणून पिल्लं उडायला लागली की सगळी मंडळी दक्षिणेची वाट धरतात. आपण ज्याला समुद्रपक्षी म्हणतो, तो जन्मानं पहाडी आहे. माझ्या मते काल पाहिलेल्या सगळ्यात हेच मोठं नवल.

पण समुद्रावर राहायचं तर प्यायचं काय? आपण समुद्राचं पाणी प्यायलो तर तहान वाढते, कारण त्यातलं मीठ बाहेर टाकायला आपल्या मूत्रपिंडांना त्याहून जास्त पाणी लागतं. कुरवाच्या डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत, मिठाच्या दोन ग्रंथी असतात. त्या रक्तातलं मीठ उपसून काढतात आणि समुद्रापेक्षाही खारट थेंब नाकपुड्यांतून चोचीच्या टोकाशी आणून सोडतात. कुरव मधूनच डोकं झटकतो ना, तेव्हा बरेचदा तो हेच थेंब उडवत असतो. १९५७च्या सुमारास क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञानं पाणकावळ्यांवर प्रयोग करून हे कोडं उलगडलं. मग त्यानं एका कुरवाला त्याच्या वजनाच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाइतकं समुद्राचं पाणी पाजलं. तीनेक तासांत पाखरानं त्यातलं बहुतेक मीठ बाहेर टाकलं! गोड्या पाण्यावर राहायला गेलं की या ग्रंथी आकसतात, खाऱ्यावर आलं की पुन्हा फुगतात.

थोरल्याचा प्रश्न वेगळा होता: पंख न हलवता लाँचच्या बरोबरीनं ती येतात कशी? वारा लाँचच्या बाजूवर आपटतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर कुरव पंख पसरून नुसता टेकून राहतो. शिवाय लाँचमागे पाणी ढवळलं की लहान मासळी वर येते. म्हणून तो मागे येतो. कुणी खायला काही दिलं नाही तरी येतो.

लाँचवरची माणसं गाठ्या आणि वेफर्स उधळत होती. प्रेमानंच, पण मला ते बघवत नाही. मासे, कोळंबी, किडे खाणारं पाखरू ते. तळलेल्या पिठानं त्याचं पोट भरतं, पण अंगात ताकद येत नाही. आणि परतीच्या वाटेवर त्याला हिमालय ओलांडायचा असतो.

आता आपल्या पुण्याची गोष्ट. कुरव बघायला दर वेळी समुद्रावरच जावं लागतं असं नाही. सोलापूर रस्त्यावर शंभरेक किलोमीटरवर भिगवण आहे. १९८० साली उजनी धरण झालं, भीमेचं पाणी पसरलं आणि तिथे थंडीत रोहित, बदकं, सुरय येऊ लागले. हे कुरवही येतात. कुंभारगावचे मच्छीमार आपल्या होडीतून ते दाखवायला नेतात. पाखरांच्या सवयी त्यांना तोंडपाठ असतात.

आणि उजनीत पाणी येतं कुठून? आपली मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि भीमा उजनीत. म्हणजे लडाखातून आलेला कुरव भिगवणला ज्या पाण्यात उतरतो, त्यात पुण्याचं सांडपाणीही असतं. येत्या डिसेंबरात आपण पहाटे निघून तिकडे जाऊ. तोवर एवढं करा: लकडी पुलावरून जाताना निर्माल्याची पिशवी नदीत टाकणारं कुणी दिसलं, तर त्याला हात जोडून थांबवा आणि ते पाणी पुढे कुणाकडे जातं, ते सांगा.