कार्थेजच्या दोघीजणी

संतांचा सण चर्च सहसा त्यांच्या जन्मतारखेला नव्हे, मृत्यूच्या तारखेला करते. ही रीत छळाच्या काळातली. स्मर्ना इथले वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना दुसऱ्या शतकात मारण्यात आलं, तेव्हा त्यांच्या लोकांनी अस्थी जपून ठेवल्या आणि दरवर्षी जमून त्यांचा ‘जन्मदिवस’ करायचं ठरवलं. रक्तसाक्षी मेला तो दिवस म्हणजे त्याचा स्वर्गातला जन्म, ही त्यामागची श्रद्धा.

अशा तारखांपैकी मला सगळ्यांत जवळची वाटते ती 7 मार्च. इ. स. 203 मध्ये कार्थेजच्या, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या, रिंगणात पर्पेतुआ आणि फेलिसिटी यांना साथीदारांसह मारलं. निमित्त होतं राजपुत्र गेटाच्या वाढदिवसाच्या खेळांचं.

पर्पेतुआ साधारण 22 वर्षांची, खानदानी घरातली. पदरात तान्हं मूल. तुरुंगातली हकिगत तिने स्वतः लिहून ठेवली, आणि एवढ्या जुन्या काळातलं ख्रिस्ती स्त्रीचं असं लेखन फारच दुर्मीळ. कोठडी अंधारी, कोंदट. दोन डीकननी पैसे चारून कैद्यांना काही तास बऱ्या जागी हलवलं, तिथे तिने भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजलं. म्हातारा बाप परत परत येतो, लेकीच्या पायावर लोळण घेतो. तिचा जीव त्याच्यासाठी तुटतो, पण ती ख्रिस्ताला नाकारत नाही. संतांच्या चरित्रांत माणूस बऱ्याचदा हरवतो. इथे आई आणि लेक दोन्ही शाबूत आहेत.

फेलिसिटी गुलाम होती, आठव्या महिन्यातली. गरोदर बाईला देहदंड द्यायला कायद्याची मनाई, म्हणून आपण एकटीच मागे राहू ही तिला धास्ती. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि ती तुरुंगातच बाळंत झाली. मुलीला एका ख्रिस्ती बाईने पोटच्या लेकीसारखं वाढवलं. रिंगणात पिसाळलेल्या गाईने दोघींना उडवलं. पर्पेतुआ सावरून बसली, फाटलेलं वस्त्र अंगावर ओढलं, सुटलेले केस बांधले, कारण मोकळे केस शोकाची खूण. मग उठून फेलिसिटीला हात देऊन उभं केलं.

ही हकिगत उत्तर आफ्रिकेतल्या चर्चमध्ये दरवर्षी वाचली जाई. संत ऑगस्टीन यांनी या सणावर प्रवचनं दिली. पण हे लेखन पवित्र शास्त्राचा भाग नाही, हेही त्यांना लिहावं लागलं.

रोमन मिस्साच्या पहिल्या कृपाप्रसादाच्या प्रार्थनेत आजही दोघींची नावं आहेत, फेलिसिटीचं आधी. आपल्या वसईतली मराठी मिस्सा याच परंपरेतली. मात्र त्या यादीतली बरीच नावं गाळायची मुभा आहे आणि घाईत ती गाळली जातात. निदान 7 मार्चला तरी फादरांनी सगळी यादी म्हणावी. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही.