जनुकातला धोका सांगायचा कुणी आणि कसा?

संशोधनासाठी रक्त देताना माणूस संमतिपत्रावर सही करतो, हाताला कापूस लावून घरी जातो आणि काही दिवसांत ते विसरूनही जातो. नमुन्यावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक पडतो. पुढे त्याच रक्तात कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकदोष सापडला तर? प्रयोगशाळेला माहिती असते, पण ज्याचे रक्त आहे त्याला नसते. हा पेच एका अख्ख्या देशापुढे उभा राहिला, तो आइसलँडमध्ये.

जेमतेम चार लाख वस्तीच्या या देशात १९९६ मध्ये कारी स्तेफान्सन यांनी ‘डीकोड जेनेटिक्स’ ही कंपनी सुरू केली. पुढे देशातील निम्म्याहून अधिक प्रौढांनी तिच्या संशोधनात भाग घेतला. आइसलँडच्या लोकांमध्ये ‘बीआरसीए-२’ या जनुकातला एक ठरावीक दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो असणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडे कमी आहे, म्हणजे काही हजार माणसे.

हे जनुक पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्याच्या कामी येते. त्यात दोष असलेल्या १० स्त्रियांपैकी सुमारे ७ जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, असे मोठ्या अभ्यासांत आढळले आहे. बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. पुरुषही यातून सुटत नाहीत. त्यांना प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचाही कर्करोग होऊ शकतो. दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

धोका आधी कळला तर करता येण्यासारखे बरेच आहे. दरवर्षी एमआरआय, योग्य वयात बीजांडकोश व बीजवाहिन्या काढणे, काहींच्या बाबतीत स्तन काढण्याची शस्त्रक्रिया. म्हणूनच ज्यांना धोका आहे त्यांना ताबडतोब कळवावे, असा स्तेफान्सन यांचा आग्रह होता. पण नमुने संशोधनासाठी दिलेले होते आणि निकाल कळवण्याची संमती बहुतेकांनी दिलेली नव्हती. ‘मला जाणून घ्यायचे नाही’ असे म्हणण्याचा हक्कही माणसाला असतोच. गुंतागुंत आणखी एका कारणाने वाढली. २०१५ मध्ये डीकोडने २,६३६ लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. देशातील तपशीलवार वंशावळींमुळे, ज्यांनी कधी रक्तच दिले नाही अशा नातेवाइकांविषयीही अंदाज बांधता येऊ लागला. त्यांची संमती कुणी घ्यायची?

अखेर मधला मार्ग निघाला. २०१८ मध्ये एक संकेतस्थळ सुरू झाले. ज्याला हवे त्याने स्वतःहून विचारावे, ओळख पटवावी, संमती द्यावी आणि मग आपल्यात तो विशिष्ट दोष आहे की नाही ते जाणून घ्यावे. हजारो लोकांनी तसे विचारले. दोष आढळलेल्यांसाठी रेक्याविकच्या राष्ट्रीय रुग्णालयात जनुकीय समुपदेशनाची सोय करण्यात आली.

खरे काम तिथे सुरू होते. समुपदेशक आजी-आजोबांपासूनची कुटुंबाची माहिती घेतो. संशोधनातला निकाल पुन्हा नव्या नमुन्यावर पडताळावा लागतो, कारण त्यावर शस्त्रक्रियेसारखे निर्णय अवलंबून असतात. ‘दोष आहे’ म्हणजे ‘कर्करोग झाला’ नव्हे, हे शांतपणे समजावावे लागते. उलट ‘दोष नाही’ म्हणजे पूर्ण निर्धास्त, असेही नाही. आइसलँडची ती तपासणी एकाच दोषाची होती, आणि कर्करोगाचे बहुतेक रुग्ण तर असा कोणताही आनुवंशिक दोष नसलेलेच असतात. कधी अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल येतो, त्याच्या भरवशावर अवयव काढायचा नसतो. शेवटी सर्वांत अवघड गोष्ट उरते, ती म्हणजे बहिणीला, भावाला, वयात आलेल्या मुलीला हे सांगणे. ते कधी आणि कोणत्या शब्दांत सांगावे, यातही समुपदेशकाची मदत होते.

न सांगण्याचीही किंमत असते. डीकोडच्याच २०२३ मधील अभ्यासात, हा बीआरसीए-२ दोष असलेल्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे ७ वर्षांनी कमी आढळले. पण नुसता अहवाल हाती ठेवल्याने ती ७ वर्षे परत मिळत नाहीत. त्यासाठी अहवालापाठोपाठ समजावणारा माणूस, नियमित तपासण्या आणि उपचारांची सोय लागते.

भारतातही ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात १० हजार लोकांचे जनुकसंच वाचून झाले आहेत आणि असे अभ्यास वाढतच जाणार आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जनुकीय समुपदेशनाला महत्त्व दिले आहे. प्रत्यक्षात प्रशिक्षित समुपदेशक थोडे आणि तेही मुख्यतः मोठ्या शहरांत. इथे आनुवंशिक दोष कळला की मुलीच्या लग्नाची काळजी आधी सुरू होते आणि दोष वडिलांकडून आलेला असला तरी बोल आईलाच लागतो. त्यामुळे आपल्याकडे समुपदेशन अधिकच गरजेचे आहे.

संशोधनासाठी रक्त देण्यात भीती बाळगण्याचे कारण नाही. सही करण्यापूर्वी मात्र चार प्रश्न जरूर विचारावेत. उपचार करता येण्यासारखा धोका आढळला तर मला कळवणार का? नको असल्यास नकार देता येईल का? निकालाची पडताळणी कोण करेल? आणि तो समजावून सांगायला, पुढची वाट दाखवायला कोण असेल? उत्तरे संमतिपत्रात लिहिलेली असावीत, आणि नसतील तर ती मागण्याचा हक्क रक्त देणाऱ्याला आहे.