एकटी मादी, आठ महिन्यांची बेगमी

बेळगावच्या बाजारातून पाण्याच्या पिशवीत गप्पी माशाची एकच मादी शेजारच्या हिंडलग्याला आणा, काचेच्या पेटीत एकटीच सोडा. महिन्याभरात पेटीत पिल्लं फिरताना दिसतील. दुकानातून येतानाच पोटुशी असेल, असं घरात कुणीतरी म्हणतं आणि ते खरंही असतं. पण पुढच्या महिन्यात पुन्हा पिल्लं होतात, त्याच्या पुढच्याही. पेटीत नर नाहीच, तरीही.

पावसाळ्याआधी घरात बेगमी करावी तशी ही मादी नराचं वीर्य अंडाशयाच्या घड्यांमध्ये साठवून ठेवते. एकदा मिलन झालं की आठ महिन्यांपर्यंत वेतामागून वेत होऊ शकतात. साधारण चार आठवड्यांना एक वेत, त्यात वीस-तीस पिल्लं. मादी थोराड असेल तर आणखी. अंडी पोटातच उबतात आणि बाहेर पडलेलं पिल्लू त्याच क्षणी पोहायला लागतं. त्रिनिदाद बेटावरच्या ओढ्यांतल्या गप्पींची जनुकांवरून वंशावळ मांडली गेली, तेव्हा तर मेलेले नरही बाप होत राहिलेले आढळले. नर मरून जातो, त्याची पोरं नंतर जन्मत राहतात.

एवढी घाई कशासाठी? तर खाल्लं जाण्याची भीती म्हणून. त्रिनिदादच्या ज्या ओढ्यांत मोठे शिकारी मासे आहेत, तिथली गप्पी लवकर वयात येते, पुष्कळ आणि बारीक पिल्लं घालते. धबधब्याच्या वर, जिथं हे मोठे शिकारी पोचत नाहीत, तिथली सावकाश वाढते, कमी पण मोठी पिल्लं घालते. जॉन एंडलर यांनी 1976 साली आरिपो नदीतल्या शिकारीग्रस्त पट्ट्यातले गप्पी उचलून असे मोठे शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले. अकरा वर्षांत त्या गप्पींच्या वंशजांची रीत बदललेली होती, आणि बदल रक्तात उतरला होता. डेव्हिड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली हे जगापुढे मांडलं. आपल्या पेटीतही शिकारी नाही, तेव्हा अकरा वर्षं थांबलात तर कदाचित तुमचीही गप्पी शहाणी होईल. तोवर पेटी उरणार नाही, हा भाग वेगळा.

म्हणजे गप्पीचा हिशेब निम्म्याहून अधिक पोरं जाणार हे धरूनच मांडलेला आहे. आपण पेटीतून मरण काढून घेतो, वर दोन वेळा दाणे टाकतो, आणि मग गर्दी झाली म्हणून डोकं धरतो. मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्लं घालणाऱ्या माशांचंही तेच.

सर्वांत सोपा उपाय दुकानातच आहे: फक्त नर घ्यावेत. दुकानदार जोडी घ्या म्हणेल, ऐकू नये. रंगीत, सडपातळ आणि पोटाखालचा पर काडीसारखा लांबट असेल तो नर. नुसते नर छान नांदतात, रंगही त्यांचेच असतात. मादी आधीच घरात आली असेल तर नर वेगळे काढून लगेच काही होत नाही, कारण बेगमी पोटात आहे. पिल्लं मात्र महिन्याची झाली की निवडून वेगळी करावीत. दोन महिन्यांची होईतो नर तयार झालेले असतात.

बाकीचं काम आईबापांवर सोडावं. गप्पी आपलीच पिल्लं खातात. लपायला दाट मॉस ठेवलं नाही आणि पिल्लांसाठीचा जाळीचा डबा माळ्यावर टाकला, तर बहुतेक पिल्लं टिकत नाहीत. हे क्रूर वाटेल, पण ओढ्यात याहून वेगळं घडत नाही. मोठी पेटी असल्यास एखादा एंजल फिश हेच काम करतो. दाणे कमी करावेत. बेळगावची थंडी मदतीला येते; पाणी गार झालं की दोन वेतांमधलं अंतर वाढतं, तेव्हा हीटर लावून आपणच घाई करू नये.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये: बादली घेऊन मार्कंडेय नदीकडे जाणं. हिंडलग्याजवळून जाणारी ही नदी पुढे गोकाककडे घटप्रभेला मिळते. तिथं एक मादी निसटली तरी नवी वसाहत उभी राहू शकते, आणि खायला-राहायला देशी माशांना नवा वाटेकरी येतो.

गप्पी भारतात आणले गेले ते डासांच्या अळ्या खाण्यासाठी, आणि महाराष्ट्रात हिवताप विभाग आजही त्यांची पैदास केंद्रं चालवतो. तुमच्याकडचे जादा मासे गोठ्यातल्या दगडी डोणीत किंवा बांधकामाच्या सिमेंटच्या टाकीत कामाला येतील. तिथंही नरच द्यावेत, अळ्या तेही खातात. आणि टाकीचं जादा पाणी गटारात जात असेल तर पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधायला सांगावं.