कॅटलेज : पेरॉक्सिसोममधले आणि रक्तातले

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की पांढरा फेस येतो. हा फेस प्राणवायूचा असतो आणि तो सुटतो कॅटलेज या विकरामुळे. पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू असे दोन तुकडे करणे हे त्याचे काम. मानवी कॅटलेजची साखळी ५२७ अमिनो आम्लांची असते. अशा चार साखळ्या एकत्र आल्या की विकर पूर्ण होते. प्रत्येक साखळीत हिमोग्लोबिनप्रमाणेच लोहयुक्त हीम असते.

यकृत आणि मूत्रपिंडाच्या पेशींत कॅटलेज मुख्यतः पेरॉक्सिसोममध्ये राहते. पेरॉक्सिसोम म्हणजे एकाच पटलाने वेढलेली सूक्ष्म पिशवी. तिची ओळख बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द दूव यांनी १९६०च्या दशकात पटवून दिली. फार लांब साखळीची मेदाम्ले येथे तोडली जातात. त्या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि ते साचून पेशीला अपाय होण्याआधी कॅटलेज त्याचा निकाल लावते.

पेरॉक्सिसोमला स्वतःचा डीएनए नसतो. त्यामुळे त्याची प्रथिने बाहेर, पेशीद्रवात तयार होतात आणि मग आत नेली जातात. कोणते प्रथिन आत न्यायचे हे बहुधा साखळीच्या शेवटच्या काही अमिनो आम्लांवरून ठरते. पेक्स-५ नावाचे वाहक प्रथिन ती खूण ओळखते. कॅटलेजची खूण नेहमीच्या खुणेपेक्षा वेगळी आणि दुबळी असल्याने त्याची वाहतूक हा संशोधनाचा स्वतंत्र विषय झाला आहे.

अशा अभ्यासासाठी शुद्ध प्रथिन भरपूर लागते. त्यासाठी मानवी कॅटलेजच्या जनुकाची प्रत प्लाझ्मिड या वर्तुळाकार डीएनएमध्ये जोडून ई. कोलाय जीवाणूत घालतात. जीवाणू वाढले की ठरावीक रसायन देऊन ते जनुक चालू करतात. हीम पुरेसे मिळावे म्हणून माध्यमात त्याची पूर्वद्रव्येही मिसळता येतात. नंतर पेशी फोडून प्रथिन वेगळे करतात. ते सहज पकडता यावे म्हणून त्याला हिस्टिडीनची छोटी शेपटी जोडलेली असते. ही शेपटी निकेलच्या कणांना चिकटते, बाकीची प्रथिने वाहून जातात. मात्र पेरॉक्सिसोमच्या अभ्यासात ही शेपटी साखळीच्या आरंभी जोडणे सोयीचे, कारण शेवटी जोडली तर वाहतुकीची खूणच झाकली जाते.

ई. कोलायची स्वतःची कॅटलेजेही असतात. ती मिसळली तर मोजमाप चुकते, म्हणून शुद्धता तपासावी लागते. विकराची ताकद मोजायची तर २४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात पेरॉक्साइडचे द्रावण ठेवून त्याचे शोषण किती वेगाने घटते ते पाहतात. साखळीतले एखादे अमिनो आम्ल मुद्दाम बदलून वेग किंवा वाहतूक बदलते का, हेही तपासता येते. वाहतूक बिघडल्याचे उदाहरण म्हणजे झेलवेगर हा जन्मजात विकार. १९७३ मध्ये त्याच्या रुग्णांच्या यकृतात व मूत्रपिंडात पेरॉक्सिसोम आढळले नाहीत. अशा पेशींत कॅटलेज तयार होते, पण पेशीद्रवातच राहते. आत नेण्याची यंत्रणा कुठे तुटली, हे शोधायला शुद्ध प्रथिने कामी येतात.

तांबड्या रक्तपेशींत पेरॉक्सिसोम नसतात, तरी कॅटलेज विपुल असते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या गोष्टीला वेगळे महत्त्व आहे. सातपुड्याच्या कुशीतल्या या जिल्ह्यात भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे आणि सिकलसेल हा येथील आरोग्याचा जुना प्रश्न आहे. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. असे हिमोग्लोबिन असलेल्या पेशी प्राणवायूपासून बनणारी घातक रसायने अधिक निर्माण करतात. १९८२च्या एका अभ्यासात हे प्रमाण निरोगी पेशींच्या जवळपास दुप्पट आढळले. पेरॉक्साइड हे त्यांतलेच एक, त्यामुळे कॅटलेजवरचा भार वाढतो.

कॅटलेजला एनएडीपीएच या रेणूचाही आधार लागतो. त्याच्याशिवाय विकर हळूहळू निष्क्रिय होते. तांबड्या पेशीत हा रेणू जी-६-पीडी या विकराच्या साहाय्याने तयार होतो. या विकराची जन्मजात कमतरता भारतातील अनेक आदिवासी समाजांतही आढळते. अशा व्यक्तीला हिवतापावरील प्रायमाक्विन दिल्यास तांबड्या पेशी फुटू शकतात. पेरॉक्साइडचा मारा आणि एनएडीपीएचचा तुटवडा यांत कॅटलेज किती काळ टिकते, हा प्रश्न शुद्ध प्रथिनावर परीक्षानळीत पडताळता येतो.

असे जीवाणूत बनवलेले, म्हणजे पुनःसंयोजित, कॅटलेज केवळ संशोधनासाठी असते, औषध म्हणून नव्हे. सिकलसेलच्या निदानालाही त्याची गरज नाही. गावपातळीवर विद्राव्यता चाचणी आणि नंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी अशा तपासण्या वापरल्या जातात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भरही तपासणी, समुपदेशन आणि उपचारांवर आहे. नळीतल्या निष्कर्षांची खातरजमा रुग्णांच्या रक्तपेशींवर व्हावी लागते. ती झाल्यावरच त्यांतून उपचाराची दिशा ठरू शकते.